कॅलिब्रेशन: अंशांकन, पडताळणी की पासिंग?

(बोलणारे बेळगावकडचे, आपापल्या गावाच्या नावानं.)

सांबरा: आमच्या सांबरा विमानतळावरच्या स्वयंचलित हवामान यंत्रांच्या तपासणीचा तक्ता मराठीत करतोय. रकाने तीन: कॅलिब्रेशन, व्हेरिफिकेशन, अ‍ॅडजस्टमेंट. शिकाऊ मुलं तिन्हींना ‘चेकिंग’ म्हणतात. काय लिहू?

टिळकवाडी: पहिल्याला अंशांकन. रुळलेला शब्द आहे.

खानापूर: अंश काचेच्या थर्मामीटरवर कोरतात, डिजिटल दाबमापकावर कुठले अंश? शिवाय कॅलिब्रेशनमध्ये यंत्राला हात लावायचा नसतो. प्रमाण दाबमापक शेजारी, त्याच पातळीवर ठेवायचा. मीटरभर वर-खाली झालं तरी दाबात ०.१ हेक्टापास्कलचा फरक पडतो. तापमान स्थिरावू द्यायचं, दोन्ही आकडे घ्यायचे, फरक लिहायचा. वारं भणाणत असेल तर आकडा नाचतो, तेव्हा घेऊ नये. फरक मर्यादेत आहे का हे बघणं म्हणजे पडताळणी, आकडा सरकवणं म्हणजे समायोजन. सांबरा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मीटरवर. दाब एक हेक्टापास्कल चुकला की वैमानिकाचा उंचीमापक ३० फुटांच्या आसपास फसतो.

निपाणी: बाजारात वजनकाट्याला शिक्का मारून आणतात, त्याला ‘पासिंग’ म्हणतात. तेच लिहा की! सगळ्यांना कळेल.

खानापूर: पासिंग हा निकाल झाला. नापास यंत्राचंही कॅलिब्रेशन होतंच.

गोकाक: ‘तपासणी’ लिहा. कन्नडमध्येही तपासणेच म्हणतात, दोन्हीकडची मुलं वाचतील.

टिळकवाडी: मग तिन्ही रकान्यांत तपासणी? सोपं करायच्या नादात अर्थच गेला.

चिकोडी: वाऱ्याच्या यंत्राला ‘लावणं’ म्हणतात, तेही घ्या. १० मीटरच्या खांबावरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिसारी खऱ्या (भौगोलिक) उत्तरेला लावायची, चुंबकीय नव्हे. मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, खऱ्या उत्तरेवर जातो, टॉवरवाले मात्र चुंबकीय दिशा सांगतात. होकायंत्र खांबाच्या लोखंडाजवळ धरलं तर तेही खोटं बोलतं. लांबची ठरलेली खूण धरूनच लावा.

सांबरा: आणि व्हिजिबिलिटी? तिथं प्रमाण यंत्र शेजारी ठेवता येत नाही.

खानापूर: फॉरवर्ड स्कॅटरला, म्हणजे हवेत विखुरलेल्या उजेडावरून व्हिजिबिलिटी मोजणाऱ्या यंत्राला, आधी काचा पुसा. कोरडी, स्वच्छ हवा बघा. प्रकाश अडवून शून्य तपासा, मग प्रमाण तबकडी बसवून तिच्यावर लिहिलेल्या आकड्याशी ताडा. यंत्राच्या दोन डोक्यांमध्ये (एक उजेड सोडणारं, एक टिपणारं) कोळ्याचं जाळं असेल तर उजेड विखुरतो नि लख्ख उन्हात यंत्र धुकं दाखवतं. जाळं न काढता समायोजन केलंत, तर खरं धुकं येईल तेव्हा ते विरळ दिसेल.

टिळकवाडी: व्हिजिबिलिटी नव्हे, दृश्यता.

निपाणी: पेपरात दृश्यमानता येतं.

टिळकवाडी: ‘मान’ कशाला हवाय? दिसण्याचा गुण म्हणजे दृश्यता, संपलं.

चिकोडी: गुण नाही हो, इथं अंतर मोजतोय. मीटरमध्ये.