उमेदवारांच्या चर्चेत वैयक्तिक टीका कुठे थांबवायची?

सूत्रधार_७: विधानसभेच्या उमेदवारांची समोरासमोर चर्चा ठेवली आहे, विषय पाणीयोजना. 'याच्यावर केसेस आहेत, हा काय पाण्याचं सांगणार!' असलं सुरू झालं की कशाच्या आधारावर थांबवायचं? वैयक्तिक सरसकट बंद केलं तर उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रातली माहितीही बाद होते.

नियमावली: लोकसभेचा नियम ३५२ बघा. दुसऱ्या सदस्याच्या हेतूवर शंका घेणारा वैयक्तिक उल्लेख करता येत नाही; मात्र तीच बाब चर्चेचा विषय असेल किंवा विषयाशी तिचा संबंध असेल आणि उल्लेखावाचून चालणारच नसेल, तर सूट आहे. ३५३ नुसार बदनामीकारक आरोपाची आगाऊ सूचना लागते. तुम्हीही आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आरोप कागदासह मागवा आणि समोरच्याला प्रत द्या. निम्मे आरोप तिथेच गळतात.

तर्कट: 'योजनेचा खर्च फुगवलाय, कारण सांगणारा ठेकेदाराचा मेहुणा आहे.' मेहुणा असल्याने खर्चाचा आकडा चूक ठरत नाही, तो अंदाजपत्रकातच तपासावा लागतो. पण प्रश्न 'निविदा याच ठेकेदाराला कशी मिळाली?' असा असेल तर नातं हाच मुद्दा. तसंच 'माझ्या शब्दावर विश्वास ठेवा' असं कोणी म्हणालं की त्याने आधीचे शब्द पाळले का, हे विचारणं रास्तच.

'तुमच्या काळात काय झालं?' हेही सरसकट अडवू नका. दोन्ही काळांना एकच माप लावलं तर ती तुलना, नाहीतर पळवाट.

कोर्टकचेरी: केसेसबाबत नमुना २६ मधलं शपथपत्र टेबलावर ठेवा. गुन्हा दाखल होणं, कोर्टाने आरोप निश्चित करणं आणि शिक्षा होणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. भाषणात तिन्हींना 'गुन्हेगार' म्हणून मोकळे होतात. उमेदवारांना लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(४) आधीच वाचून दाखवा. प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याबद्दल, खोटं आहे हे माहीत असून किंवा खरं आहे असं वाटत नसूनही, मतांवर परिणाम होईल असं खोटं विधान करणं हे भ्रष्ट आचरण आहे. निवडून आलेल्याने ते केल्याचं निवडणूक याचिकेत सिद्ध झालं तर निवड रद्द होते. आचारसंहितेतही सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर टीका नको असं आहे.

तर्कट: एक राहिलं. 'वैयक्तिक नको' म्हणून नुसतं पुढे जाऊ नका, आरोप तसाच लोंबकळत राहतो आणि समोरचा स्वतःची दोन मिनिटं उखाळ्यापाखाळ्या काढण्यात घालवतो. त्याला खुलाशाला वेगळे ३० सेकंद द्या. मग आरोप करणाऱ्यालाच विचारा, 'ते वाईट आहेत असं धरलं, तरी त्यांचा कोणता आकडा चुकलाय?'