विकेंद्री भोकाची चकती: सीमामूल्य प्रश्नासाठी कोणती पद्धत निवडावी?

राजारामपुरीकर: नमस्कार. मी शिवाजी विद्यापीठात गणिताच्या एम.एस्सी.ला आहे. शिरोलीच्या एका फाउंड्रीत कोर (भोकाच्या जागी ठेवलेला वाळूचा साचा) सरकल्यामुळे एका बाजूला भिंत पातळ झालेले कास्टिंग पाहिले आणि त्यावरून प्रकल्पासाठी हा सीमामूल्य प्रश्न (काठांवरील स्थिती देऊन आतले उत्तर काढायचे) घेतला: चकतीची बाहेरची त्रिज्या ८० मि.मी., भोकाची ४० मि.मी., दोन्ही केंद्रांत १० मि.मी. अंतर, भोकाच्या काठावर एकसमान दाब आणि बाहेरचा काठ मोकळा; चकतीतील प्रतिबले (दर क्षेत्रफळावरील अंतर्गत बल) काढायची आहेत. फूरिये श्रेणी (साइन-कोसाइन पदांची बेरीज), संमिश्र विभव (संमिश्र संख्यांच्या फलनांनी उत्तर मांडणे) आणि फायनाईट एलिमेंट (चकतीचे लहान तुकडे करून संगणकावर सोडवणे) यांपैकी काय धरावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त गणितवाला: पद्धत आवडीने निवडू नये, सीमेचा आकार पाहून निवडावी. केंद्रे एकच असती तर लामे यांच्या (समकेंद्री वर्तुळांसाठीच्या) सूत्राने अर्ध्या पानात काम झाले असते. परंतु इथे ध्रुवीय निर्देशक (केंद्रापासूनचे अंतर आणि कोन) एका वर्तुळाला बसवले की दुसरे त्यात बसत नाही, आणि फूरिये श्रेणीतील सगळी पदे एकमेकांत गुंतून अनंत समीकरणे हाती येतात. द्विध्रुवी निर्देशकांत (दोन ठरावीक बिंदूंच्या आधारे मोजलेल्या) मात्र दोन्ही काठ निर्देशक-वक्रच होतात, म्हणजे प्रत्येक काठावर एक निर्देशक स्थिर राहतो. जेफरी यांनी १९२१ साली एअरी प्रतिबल फलन (ज्याच्या विकलजांतून प्रतिबले मिळतात) याच निर्देशकांत मांडले आणि एकसमान दाबासाठी बंद स्वरूपातील उत्तर मिळवले. तेव्हा माझे मत स्पष्टपणे द्विध्रुवी निर्देशकांच्या बाजूने आहे. कोलोसोव्ह-मुस्खेलिश्विली यांची संमिश्र विभवांची पद्धत मोठी आहे, आणि पुढे लंबवर्तुळाकार भोक घेतलेत तर तिच्याशिवाय सहज निभणार नाही. पण या चकतीसाठी ती उगीच लांबचा वळसा ठरेल.

उद्यमनगरकर: सहमत आहे, तरी फायनाईट एलिमेंट पडताळणीसाठी जरूर करावे. आधी केंद्रे एकत्र ठेवून चालवा: आतील काठावर परिघीय प्रतिबल (काठाच्या दिशेने ताणणारे) दाबाच्या १.६७ पट आणि बाहेरच्या काठावर ०.६७ पट आले पाहिजे. तेवढेही जुळत नसेल, तर पुढचे रंगीत चित्र कितीही देखणे असो, त्यावर विश्वास ठेवू नये. मग १० मि.मी. अंतर द्या, जेफरींच्या सूत्राप्रमाणे पातळ बाजूच्या आतील काठावर ते सुमारे १.९१ पट होते. दोन्ही काठांवर केवळ बलेच दिलेली असल्यामुळे चकती मोकळी सरकू शकते, म्हणून केंद्ररेषेवर अर्धी चकती कापून त्या रेषेवरील लंब विस्थापन शून्य ठेवावे आणि एक बिंदू रेषेच्या दिशेनेही रोखावा. हे न केल्यास मॅट्रिक्स सुटतच नाही.

राजारामपुरीकर: मनःपूर्वक आभार. एक शंका राहिली: ओतीव लोखंडाऐवजी पोलाद घेतले, तर प्रतिबले पुन्हा काढावी लागतील का?

निवृत्त गणितवाला: नाही. भोक असलेल्या चकतीत विस्थापन एकमूल्यी (प्रत्येक बिंदूला एकच) राहण्याची अट वेगळी लावावी लागते, आणि एरवी पॉइसन गुणोत्तर (ताणल्यावर पदार्थ आडवा किती आकसतो ते) त्याच वाटेने उत्तरात शिरते. परंतु प्रत्येक काठावरील बलांची बेरीज शून्य असेल, तर समतल प्रश्नातील प्रतिबले लवचिक स्थिरांकांवर अवलंबून राहत नाहीत, हे मिशेल यांनी १८९९ साली दाखवले. गोल काठावरील एकसमान दाबाची बेरीज शून्यच असते. विस्थापने मात्र धातूप्रमाणे बदलतील, म्हणून प्रकल्पात त्यांचे कोष्टक वेगळे द्यावे.