दूतावासातून धंद्यात: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ता, रत्नागिरी
एस. जयशंकर १९७७ मध्ये परराष्ट्र सेवेत आले. पुढे चीनमध्ये आणि अमेरिकेत राजदूत, २०१५ ते २०१८ परराष्ट्र सचिव. निवृत्तीनंतर तीन महिन्यांत, एप्रिल २०१८ मध्ये, ते टाटा सन्समध्ये गेले आणि मे २०१९ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. टाटांकडचा मधला काळ सगळे एका ओळीत उरकतात. मला तोच जाणून घ्यावासा वाटतो. चाळीस वर्षं देशासाठी वाटाघाटी केलेला माणूस कंपनीत नेमकं काय घेऊन जातो? आंबा, मासळी, जहाजं, आपल्या किनाऱ्यावरच्या तिन्ही धंद्यांचा परदेशी सरकारांशी संबंध येतो. सरकारी नोकरी करून धंद्यात पडलेल्यांनी तर लिहाच.

आंबा बागायतदार, पावस
आमच्या घरात मुत्सद्देगिरीबद्दल कोणी बोलत नाही, पण आमचा आंबा तिच्याच जोरावर बाहेर जातो. अमेरिकेने १९८९ पासून आपला आंबा बंद केला होता. मार्च २००६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीला आले तेव्हा तो प्रश्न मार्गी लागला आणि एप्रिल २००७ मध्ये पहिल्या पेट्या तिकडे उतरल्या. अणुकराराची बोलणीही त्याच काळातली, आणि त्या बोलण्यांत जयशंकर होते. आंब्याचं काम त्यांनी केलं असं मी म्हणत नाही. त्यामागे कृषी खातं, अपेडा (शेतमालाची निर्यात बघणारी सरकारी संस्था), भाभा अणुसंशोधन केंद्र असे पुष्कळ हात होते. पण अणुभट्टी आणि हापूस एकाच भेटीत चर्चेला येतात, हे बागेत उभं राहून आम्हाला कधी दिसलं नसतं. अट होती फळावर विकिरण प्रक्रियेची, म्हणजे कीड पसरू नये म्हणून किरणांचा मारा करण्याची. म्हणून तेव्हा कोकणचा आंबा आधी नाशिककडे, लासलगावच्या केंद्रात, आणि मग विमानात.

२०१४ मात्र आठवलं की अजून पोटात गोळा येतो. फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने १ मेपासून आंबा थांबवला, तोही ऐन मोसमात. बाहेर जायचा माल आम्ही वाशीला उतरवला आणि मिळेल तो भाव घेतला. वडील रोज विचारायचे, दिल्लीहून काही कळलं का? जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवायचं ठरलं. ब्रसेल्समध्ये आपली माणसं बोलत होतीच, पण त्यांना पुढे ठेवायला इथल्या पॅकहाउसमधली कडक तपासणी हवी होती. ती झाली तेव्हा बोलण्याला वजन आलं.

मासळी व्यावसायिक, मालवण
आमचं उलट. समुद्रात पकडलेली आपली सुंगटं, म्हणजे कोळंबी, अमेरिका घेत नाही, कारण जाळ्यात कासवाला सुटायला वाट नसते. इथे कोणताही राजदूत एकटा काय करणार? जाळी बदलायला हवीत आणि त्याचा खर्च ट्रॉलरवाल्याच्या एकट्याच्या डोक्यावर पडता कामा नये.

निवृत्त कर्मचारी, गुहागर
मी दूतावासात कारकुनी केली, नंतर मुंबईत मालवाहतुकीच्या कागदपत्रांचं काम. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं माझं उत्तर: इतिवृत्त. बैठक संपली की त्याच संध्याकाळी कोण काय बोललं, काय कबूल केलं, काय टाळलं, ते लिहून वर पाठवायचं. काय टाळलं हे सगळ्यात महत्त्वाचं. धंद्यात लोक फोनवर ठरवतात आणि माल बंदरात अडकला की भांडतात. मी पहिल्या दिवसापासून प्रत्येक बोलणं लिहून समोरच्याला पाठवत गेलो. त्या सवयीवर माझा धंदा उभा राहिला.

विद्यार्थिनी, दापोली
काका, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. पण कंपन्या अशा अधिकाऱ्यांना ओळखींसाठीच घेतात ना? मग सरकारी पदावर मिळवलेल्या ओळखी विकल्यासारखंच झालं.

निवृत्त कर्मचारी, गुहागर
बाळ, शंका रास्त आहे. म्हणूनच वरिष्ठ अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतर वर्षभर खासगी नोकरीसाठी सरकारची परवानगी लागते. जयशंकर यांनी ती घेतली होती. माझं मत, नियम योग्यच आहे आणि परवानगी का दिली याची कारणंही जाहीर व्हावीत. राहिल्या ओळखी. त्या फार टिकत नाहीत, समोरचा अधिकारीही बदलून जातो. टिकतं ते एवढंच की त्या देशात निर्णय कोणत्या टेबलावर होतो आणि तिथे कोणत्या भाषेत लिहिलेलं वाचलं जातं, हे कळलेलं असतं. तू परीक्षा दे, आणि जमलं तर एखादी परदेशी भाषा आत्तापासून शीक.

धागाकर्ता, रत्नागिरी
देवगडकडून अजून कोणी लिहिलेलं नाही. २००७ च्या पहिल्या खेपेत ज्यांच्या पेट्या होत्या त्यांनी जरूर लिहा. बोटीवरच्या मंडळींचीही वाट बघतोय.