मदत हवी आहे : तिसरीतील मुलाची अडचण हाताची की अक्षरांची, हे कसे ओळखावे?

देवगड तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गातील एका मुलाबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

वडील रापणीला (किनाऱ्यावरून जाळे ओढून करायच्या मासेमारीला) जात असल्यामुळे भरती-ओहोटीच्या वेळांपासून मासळीच्या हिशोबापर्यंत सारे हा मुलगा तोंडी बिनचूक सांगतो. वहीत मात्र पेन्सिल इतकी दाबतो की कागद फाटतो, अक्षरे ओळ सोडून खाली उतरतात आणि फळ्यावरचे उदाहरण उतरवून होण्याआधीच तास संपतो. शर्टाची बटणे लावणे, चेंडू झेलणे, लंगडी घालणे या सगळ्यांतच तो मागे पडतो. बरोबरीची मुले चिऱ्याच्या गडग्यावरून धावतात, तर हा साकव ओलांडतानाही कोणाचा तरी हात धरतो. घरच्यांना हा आळस वाटतो. मला ते पटत नाही, कारण खेळायला सर्वांत आधी तोच पुढे येतो.

शालेय वयातील साधारण ५ ते ६ टक्के मुलांमध्ये हालचालींच्या समन्वयाचा विकार, म्हणजे डिस्प्रॅक्सिया, आढळतो आणि दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता किंवा सेरेब्रल पाल्सीसारखे कारण नाही याची खात्री करूनच त्याचे निदान होते, असे मी वाचले आहे. डोळे तपासून झाले आहेत, दोष नाही. माझा गोंधळ पुढचा आहे. ‘समुद्र’, ‘पुस्तक’ अशा शब्दांतील जोडाक्षरे तो तोंडी नीट फोडून सांगतो, त्यावरून अडचण हाताची वाटते. पण वाचतानाही तो अडखळतो आणि मधली ओळ गाळतो. दोन्ही अडचणी एकाच मुलात असू शकतात, हे ठाऊक आहे. मात्र घरी मालवणी बोलणाऱ्या मुलाचे पुस्तकी मराठी वाचताना अडखळणे कुठवर स्वाभाविक मानावे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. अध्ययनातील अडचणी त्यांच्या तपासणीत येतात. तरीही संपूर्ण वर्गाच्या घाईत असे मूल सहज नजरेतून सुटते, म्हणून मी त्यांना नोंदी लेखी द्यायचे ठरवले आहे. त्या नोंदींत नेमके काय असावे? ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आधी बालरोगतज्ज्ञांना भेटावे, की थेट ऑक्युपेशनल थेरपिस्टना (लिहिणे, बटणे लावणे अशा रोजच्या कामांसाठी उपचार व सराव देणाऱ्यांना)? ही सोय तिथे नसेल तर रत्नागिरी किंवा कोल्हापूरला कोणत्या विभागात चौकशी करावी?

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही वाचनदोषाची चाचणी मराठीतही आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत कोणी वापरली असल्यास अनुभव कळवावा. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्लेक्सियाबरोबर, म्हणजे वाचनदोषाबरोबर, डिस्प्रॅक्सियाचाही उल्लेख आहे. प्रत्यक्ष प्रमाणपत्र देताना तो विचारात घेतला जातो का?

तूर्त मी त्याची उत्तरे तोंडी घेते आणि फळ्यावरून उतरवण्याऐवजी उदाहरणे त्याला कागदावर लिहून देते. याने त्याचा लिहिण्याचा सराव आणखी कमी होईल, असे एका सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षक यांनी याबाबत मत दिल्यास उपकृत होईन.