धागा: पावलं मोजून गाव सुधारत नाही

वावरातून: काल 'पाऊलखुणा' यांनी लिहिलं, गावातले लोक आळशी झाले, मोटारसायकलशिवाय वावरात जात नाहीत. ग्रामपंचायतीनं मोबाइलवर पावलांची स्पर्धा लावावी, वॉर्डावार गुण द्यावे, जिंकेल त्याला बक्षीस. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

माझी माय सकाळी आठला निंदणाला बसते. उकिडवी. विळा चालत राहते, ती इंचाइंचानं सरकते, संध्याकाळी कंबर धरून उठते. तिच्या ओच्यात फोन खोचला तर पावलं किती भरतील? पानटपरी ते चौक येरझारा घालणारा पहिला येईल अन् माय आळशी ठरेल. तो रोज दहा हजार पावलांचा आकडा तरी कुठून आला? १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. डॉक्टरानं काढलेला आकडा नव्हे तो.

बाई_दारव्हा: भाऊ, ते तुमच्या मायसाठी लिहिलंच नाही. माझ्यासारखीसाठी आहे. शाळेत स्कूटीनं जाते, दिवसभर खुर्ची, घरी आलं की ओटा. दोन वर्षांमागं शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले चाला. चार दिवस चालले, सोडलं. मग शाळेतल्या सहा जणींनी गट केला, रात्री नऊला आकडा टाकायचा. एकीचा आकडा पुढं दिसला की मी तुळशीभोवती फेऱ्या मारते. वर्ष झालं, खंड नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, माझी ती या खेळानं भरली.

पहाटधाव: बाई, तुळशीभोवती फिरायची पाळी काहून आली ते बोला. रोडवर लाइट नाही, अंधारात रानडुक्कर आडवं येते. आमच्या गावचं मैदान पाहा, अर्ध्यात थ्रेशर उभं, अर्ध्यात सोयाबीन वाळते. पोलीस भरतीचे पोट्टे पहाटे चारला डांबरीवर धावतात. मागच्या साली माझ्या पुतण्याला गाडीनं उडवलं. पाय मोडला, भरती गेली. कोणी विचारलं नाही. अन् तुम्ही गुण वाटा!

वरुडचा_जावई: मैदान पाहिजेच. पण खेळ लावून माणूस हलत नाही हे मी मानत नाही. २०१६ ला पाणी फाउंडेशनचा वॉटर कप, म्हणजे पाणी अडवायची गावागावांतली स्पर्धा आली, पहिल्या साली तीनच तालुके, त्यात वरुड. भर उन्हाळा. घरी ज्यानं कधी टोपलं उचललं नाही, तो पहाटे कुदळ घेऊन समतल चर खोदायला उभा. शेजारचं गाव पुढं गेलं म्हटलं की माणसं रात्री बत्ती लावून खोदत.

वावरातून: ते मानतो. पण तिथं गाव जिंकत होतं, अन् चर मागं उरला. पावलांतून काय उरते?

बाई_दारव्हा: माझे पाय उरतात! शुगरनं माझ्या सासऱ्यांचा अंगठा कापावा लागला. ड्रेसिंग मी करत होते, तुम्ही नाही.

पहाटधाव: बाई, तुमचं दुखणं मान्य. पण बक्षिसाचा खेळ किती टिकतो? भरतीत मैदानीचे ५० गुण. त्यासाठी पोट्टं १६०० मीटर जीव तोडून धावते. वय निघालं की दुसऱ्या दिवशीपासून टपरीवर. गुण गेले, धावणं गेलं. माझा भाऊ असाच बसला, आता पायऱ्या चढताना धापा टाकतो.

बाई_दारव्हा: आमच्यात बक्षीस नाही, मैत्रिणी आहेत. म्हणून टिकलं. बक्षीस ठेवाल तर फोन पाळण्याला बांधून पावलं काढतील, हेही सांगते.

पाऊलखुणा: मीच सुचवलं होतं. 'आळशी' शब्द मागे घेतो, वावरातल्या बायांची माफी मागतो. बक्षीसही काढू. पण स्पर्धा सोडत नाही, गावातली निम्मी माणसं आता दुकानात अन् खुर्चीवर बसून आहेत. पहाटधाव, आपण एकाच गावचे, मैदानाचा विषय ग्रामसभेत मी मांडतो. सही करायला या.

पहाटधाव: येतो. पण आधी सांगा, ते थ्रेशर कोणाचं आहे?

पाऊलखुणा: आमच्या काकाचं. रविवारपर्यंत हलवतो.