बेसा, बुटीबोरी आणि नरखेड: तिन्हीकडे चालेल असं सिम कोणतं?

बेसा रोडवरून

नमस्कार मंडळी. आम्ही मनीषनगरच्या पुढे बेसा रोडला राहतो. चार माळ्यांची इमारत आहे, आमचा फ्लॅट खालीच. बाहेर गेटपाशी फोन छान लागतो, पण घरात आलं की आवाज तुटतो. बैठकीत एखादी दांडी दिसते, मागच्या खोलीत तीही जाते. त्याच खोलीत माझी शिलाई मशीन आहे आणि दिवसाचा बराच वेळ मी तिथेच असते. बाया फोन करतात, लागत नाही, मग ब्लाउज दुसरीकडे टाकतात. परवा एकीने तोंडावर सांगितलं, "ताई, तुमचा फोन बंदच लागते." कंपनीकडे तक्रार केली, नंबर मिळाला, दोन दिवसांनी उत्तर आलं की तुमच्या भागात नेटवर्क व्यवस्थित आहे.

आमचे हे रोज वर्धा रोडने बुटीबोरी एमआयडीसीत जातात. आई नरखेड तालुक्यात, संत्र्याच्या बागेतच घर आहे तिचं. तिच्याकडे बटणांचा साधा फोन, नेट ती वापरतच नाही, तरी पॅकमध्ये रोजच्या नेटचे पैसे जातात. जुलै 2024 मध्ये भाव वाढल्यापासून ते फार खुपतं.

नागपुरात सध्या कोणती कंपनी चांगली आहे? नंबर मात्र बदलायचा नाही. बँक, गॅस, आधार, सगळं त्याच नंबरवर आहे. आणि पोर्ट करताना, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलताना, फोन किती दिवस बंद राहतो?

हिंगणा रोडवरून (टॉवरच्या देखभालीचं काम केलं आहे)

ताई, "नागपुरात कोणती चांगली" या प्रश्नाला खरं उत्तरच नाही. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये एअरटेलने पहिल्या आठ शहरांत 5जी सुरू केलं, त्यात नागपूर होतं. त्याचा तुमच्या मागच्या खोलीला काय उपयोग? तुम्हाला हवा आहे तो त्या खोलीत पोचणारा टॉवर.

लहरी जितक्या कमी मेगाहर्ट्झच्या, तितक्या त्या भिंतीतून आत येतात. 700, 850, 900 वाल्या घरात शिरतात. 2300 किंवा 5जीच्या 3500 वाल्या स्लॅब आणि दोन-तीन भिंतींत बऱ्याच मरतात. म्हणून गेटवर भरपूर दांड्या आणि आत शून्य. त्यात दांड्यांवर विसंबू नका, प्रत्येक फोन त्या आपल्या हिशोबाने दाखवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस उघडा. तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ उणे आकड्यात येते. 4जीवर उणे 90 च्या आसपास असेल तर मस्त. उणे 110 च्या खाली, म्हणजे उणे 115, 120 असं गेलं की बोलणं तुटणारच. मशीनजवळ, नेहमी बसता तिथेच बसून पहा, आणि शेजारच्या घरांतल्या वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन हातात घेऊन त्याच जागी पहा. कोणताही नकाशा इतकं नेमकं सांगणार नाही. कंपन्यांच्या वेबसाइटवर आता कव्हरेजचे नकाशे आहेत, ट्रायनेच, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनेच, तसा नियम केला आहे. पण ते बाहेरचं दाखवतात, घरातलं नाही.

दुसरं म्हणजे घरी वायफाय आहे का? असेल तर पोर्ट करण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये "वायफाय कॉलिंग" चालू करून पहा. फोन आणि कंपनी दोन्हींकडे सोय असेल तर कॉल ब्रॉडबँडवरून जातो, टॉवरचा प्रश्नच राहत नाही.

बेसा रोडवरून

वायफाय आहे, पण माझा फोन जुना, त्यात तो पर्यायच दिसत नाही. फोन बदलायला आत्ता पैसे नाहीत. शेजारी फिरून पाहते.

सीताबर्डीवरून (मोबाईलचं दुकान)

पोर्टचं मी सांगतो, रोज करून राहिलो. नंबर ज्या सिमचा त्यावरूनच 1900 ला मेसेज टाका: PORT, मग जागा सोडून दहा आकडी नंबर. आठ अक्षर-आकड्यांचा कोड येते. तो आपल्याकडे चार दिवसच चालते, म्हणून कुठे जायचं ते ठरल्यावरच मेसेज टाका. कोड घेऊन नवीन कंपनीकडे आले की सर्कल, म्हणजे मोबाईल सेवेचा विभाग, तेच असेल तर तीन कामाचे दिवस लागतात. नागपूर महाराष्ट्र सर्कलमध्ये आहे. मुंबईचं सर्कल वेगळं, तिथला नंबर इकडे आणायचा तर पाच दिवस. फोन पूर्ण बंद राहत नाही. जुनं सिम चालू राहते, मग बदलायच्या वेळी थोडे तास सर्व्हिस जाते, तेव्हा नवं सिम टाकायचं. हे सगळे म्हणतात फोन आठवडाभर बंद राहते, ते खरं नाही.

अडते कुठे ते सांगतो, कारण लोक दुकानात येऊन भांडतात. आत्ताच्या कंपनीत 90 दिवस झाले नसतील तर कोडच येत नाही. पोस्टपेडचं बिल थकलं असेल तरी नाही. सिम हरवलं-बिघडलं म्हणून नवीन घेतलं असेल तर सात दिवस थांबा, जुलै 2024 पासून तो नियम आहे. आणि मुख्य म्हणजे सिम ज्याच्या नावावर त्यालाच यावं लागते. पुष्कळ ताईंचे नंबर मिस्टरांच्या नावावर निघतात. जुन्या सिममधलं बॅलन्स आणि उरलेला पॅक सोबत येत नाही, म्हणून पॅक संपत आला की करा. नवं सिम सुरू झाल्यावर यूपीआय अ‍ॅप पुन्हा पडताळणी मागते, त्यासाठी सिमवरून मेसेज जावा लागते. आधी रिचार्ज मारा, मग अ‍ॅप उघडा.

काटोलवरून

तुमच्या आईचं वेगळं पहा ताई. एकाच कंपनीत सगळ्यांना बसवायचा हट्ट करू नका. बटणांचा साधा 2जी फोन जिओवर चालतच नाही, कारण त्यांच्याकडे 2जी नाही, फोन 4जी व्होल्टीचा, म्हणजे 4जीवरूनच बोलता येणारा, लागतो. साध्या फोनला एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल पहावं लागेल. आणि डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने नियम काढला की कंपन्यांनी फक्त बोलणं आणि मेसेज असा, नेटशिवायचा पॅकही द्यायलाच हवा. मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार आपणहून सांगतीलच असं नाही, नाव घेऊन मागा.

नरखेडची आणखी एक गंमत नाही, अडचणच आहे: पलीकडे पांढुर्णा, म्हणजे मध्य प्रदेशचं सर्कल. बागेतून फोन कधी तिकडचा टॉवर पकडतो आणि स्क्रीनवर रोमिंग दिसतं. घाबरू नका, आता बहुतेक अमर्याद पॅकमध्ये देशभरचं रोमिंग धरलेलं असतं. आमच्याकडे बऱ्याच म्हाताऱ्या माणसांनी रोमिंग पाहून फोन बंद करून ठेवला होता.

बेसा रोडवरून

सगळ्यांचे मनापासून आभार. जे केलं ते लिहिते, माझ्यासारख्या कुणाला लागेल.

समोरच्या काकूंचा, वरच्या माळ्यावरच्या मुलाचा आणि घरी येणाऱ्या दूधवाल्या भाऊंचा, असे तीन कंपन्यांचे फोन मशीनजवळ बसून पाहिले. माझा उणे 117 दाखवतो. एक उणे 112, म्हणजे तोही तसाच. काकूंचा उणे 94. फरक एवढा असेल असं वाटलंच नव्हतं. काकूंच्या फोनवरून बहिणीला लावला, मशीन चालू ठेवून बोलले, एक शब्द तुटला नाही. यांनी त्याच कंपनीचं एका सहकाऱ्याचं सिम आपल्या फोनात टाकून बुटीबोरीच्या शेडमध्ये पाहिलं, तिथेही चालतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या घरी दुसरीच निघेल, आणि कुणी माझ्या भरवशावर नंबर हलवू नये.

सिम खरंच यांच्या नावावर निघालं. ते शनिवारी आधार घेऊन येतील, कोड तेव्हाच मागवू. पॅकही त्याच आठवड्यात संपतोय.

आईचं पोर्ट करतच नाही. तिची आत्ताची कंपनी बागेत नीट लागते, फोनही तिला सवयीचा आहे. फक्त पुढच्या रिचार्जला नेटशिवायचा पॅक. दुकानदाराने पहिल्यांदा "तसा पॅक नाही" म्हटलं, पण भावाने कंपनीच्या अ‍ॅपमध्येच काढून दाखवला.

सीताबर्डीवरून

शनिवारी दुपारी गर्दी राहते ताई, सकाळी अकराच्या आत पाठवा त्यांना.