कार्ड बदललं की मशीन परकं? इन्फिनिबँडमधे सगळं जीयूआयडीवर बांधणं चूक आहे

रात्रपाळी: गेल्या आठवड्यात क्लस्टरमधल्या एका नोडचं, म्हणजे जोडलेल्या मशीनपैकी एकाचं, इन्फिनिबँड (वेगवान नेटवर्कचं) कार्ड गेलं, नवीन टाकलं, लिंक आली, आयबीस्टॅट (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) मारला तर स्टेट ॲक्टिव्ह, एलआयडी (नेटवर्कमधला पत्ता) पण मिळालेला, पण स्टोरेज काही माउंट होईना. दोन तास केबल बदल, पोर्ट बदल हेच चाललं होतं. पहाटे साडेतीनला लक्षात आलं की पार्टिशनच्या (कोण कोणत्या गटात ते ठरवणाऱ्या) फाइलमधे जुन्या कार्डाचा पोर्ट जीयूआयडी, म्हणजे कार्डाबरोबर येणारा ओळखक्रमांक आहे, म्हणून नव्याला स्टोरेजची पीकीच (त्या गटाची किल्लीच) मिळाली नाही. मशीन तेच, नाव तेच, रॅकमधली जागा तीच, तरी नेटवर्कच्या लेखी अनोळखी. माझं स्पष्ट मत आहे, परवानगी नोडच्या नावावर हवी, कार्डावर छापून आलेल्या ६४ बिटच्या आकड्यावर नको.

तारजुळारी: अजिबात पटलं नाही. नाव म्हणजे नोड डिस्क्रिप्शन, ते त्या मशीनवर रूट (पूर्ण अधिकार) असलेला कुणीही बदलतो. उद्या कुणी स्वतःला स्टोरेज१ म्हणवून घेतलं तर त्याला आत घ्यायचं का? एलआयडी ही भाड्याची खोली आहे, १६ बिटची, सबनेट मॅनेजर (नेटवर्क सांभाळणारं सॉफ्टवेअर) देतो, एका सबनेटमधे युनिकास्टला (एकेकट्या पोर्टसाठी) जास्तीत जास्त ४९,१५१. जीयूआयडी हा जन्मदाखला. भाडेकरू बदलला आणि पाटी जुनीच राहिली, तर त्यात दाखल्याचा काय दोष?

रात्रपाळी: पाटी बदलायची आठवण रात्री तीनला कोण ठेवणार? माणूस विसरणारच हे धरूनच सिस्टिम बांधायला हवी ना.

मधलीसुट्टी: एवढं कशाला, फर्मवेअरच्या टूलने नव्या कार्डावर जुना जीयूआयडी लिहायचा, फाइलला हातच लावायचा नाही.

तारजुळारी: हे कृपया कुणी करू नका. जुनं कार्ड रिपेअर होऊन येतं, कुणीतरी दुसऱ्या नोडमधे टाकतं, आणि एकाच जीयूआयडीचे दोघं फॅब्रिकवर, म्हणजे त्याच नेटवर्कवर. ओपनएसएम (आपला सबनेट मॅनेजर) ही चूक फेटल धरून एक्झिट होतो, डीफॉल्टच तसं आहे. स्टँडबाय (राखीव सबनेट मॅनेजर) नसेल तर चालू ट्रॅफिक चालतं कारण रस्त्यांची टेबलं स्विचमधे भरलेली असतात, पण नंतर जो नोड रीबूट होईल तो इनिशियलायझिंगवर अडकून बसतो, लिंकअप दिसतं, एलआयडी शून्य, आणि बघणाऱ्याला वाटतं केबल खराब आहे.

सोलापुरी_सिसॲडमिन: ईथरनेटवाल्यांचंही हेच रडगाणं आहे, आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीत मॅक (कार्डाचा क्रमांक) बांधला आणि कार्ड बदललं की आयपी गेला. आमच्याकडे एकच यादी आहे, नोडचं नाव आणि त्याचे जीयूआयडी, पार्टिशनची फाइल स्क्रिप्ट त्या यादीवरून बनवते. नोड बूट होताना आपला जीयूआयडी यादीशी ताडतो, जुळला नाही की लगेच मेल येतो.

रात्रपाळी: ताडण्याचं पटलं, ते उद्याच लावतो. पण यादी शेवटी नावानेच शोधता ना तुम्ही? मग माझं म्हणणं तेच आहे, माणसाने नाव लिहावं, आकडा मशीनने शोधावा.

तारजुळारी: शोधू दे, पण यादीत चढवताना सही माणसाचीच. मशीनने स्वतःच स्वतःला आत घेतलं तर पार्टिशन ठेवायचंच कशाला?